शिकवणं सुधारायचं तर मागच्या बाकावर कुणाला तरी बसवा

मी २२ वर्षं संख्याशास्त्र शिकवतेय. कार्यशाळांच्या प्रमाणपत्रांची जाडजूड फाईल कपाटात आहे. त्या फाईलमुळे माझ्या शिकवण्यात नेमका काय फरक पडला, हे शोधायचं झालं तर भिंग लागेल. फरक पडला तो एका ५० मिनिटांच्या तासामुळे. त्या दिवशी रसायनशास्त्राचे एक सर माझ्या विनंतीवरून वर्गात मागच्या बाकावर येऊन बसले होते. तास संपल्यावर ते एवढंच म्हणाले, "मॅडम, तुम्ही १४ प्रश्न विचारलेत. त्यातल्या १२ प्रश्नांची उत्तरं तुम्हीच देऊन टाकलीत."

आधी राग आला. मग वाटलं, यांनी मोजताना घोळ घातला असेल. पुढच्या तासाला मोबाईल टेबलावर ठेवून स्वतःचं शिकवणं रेकॉर्ड केलं आणि रात्री ऐकलं. सरांचा घोळ नव्हता. उलट त्यांनी दयाच दाखवली होती, कारण "समजलं ना?" हे त्यांनी प्रश्नांत धरलंच नव्हतं.

विद्यापीठात शिकवणाऱ्या बहुतेकांना विषय येतो, शिकवायचं कसं हे कुणी शिकवलेलं नसतं. पीएच. डी. झाली की हातात खडू येतो. मग ज्यांनी आपल्याला शिकवलं त्यांच्यासारखं आपण शिकवत राहतो, त्यांच्या चुकांसकट. हे बदलायला रजा लागत नाही की मोठा निधी लागत नाही. तुम्ही कायम नोकरीत असा, तासांवर नेमलेले असा किंवा प्रयोगशाळेत प्रात्यक्षिकं घेत असा, एका सत्रात काय काय करता येईल ते मी केलेल्या क्रमाने सांगते.

आधी स्वतःचे कान

व्हिडिओच्या भानगडीत सुरुवातीला पडू नका. व्हिडिओत आपण फक्त स्वतःचे केस आणि हातवारे बघतो. नुसता आवाज रेकॉर्ड करा, वर्गाला तसं सांगा आणि ऐकून झालं की पुसून टाका. सगळा तास ऐकायची गरज नाही. सुरुवातीची दहा मिनिटं आणि मधली दहा मिनिटं पुरतात. ऐकताना एकच गोष्ट मोजा: प्रश्न विचारल्यापासून तुम्ही पुन्हा तोंड उघडेपर्यंत किती सेकंद गेले?

मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने १९७० च्या दशकात शाळांतल्या विज्ञानाच्या वर्गांत हेच मोजलं होतं. शिक्षक सरासरी साधारण एकच सेकंद थांबत होते. ही थांबण्याची वेळ तीन सेकंदांच्या पुढे नेली तेव्हा मुलांची उत्तरं लांबली, गप्प बसणारी मुलं बोलू लागली. ते वर्ग शाळेचे होते, पण माझं रेकॉर्डिंग काही वेगळं सांगत नव्हतं.

तीन सेकंद म्हणजे काहीच नाही असं वाटेल. फळ्यापाशी उभं राहून बघा. शांतता अंगावर येते. मी त्यावर एक तोडगा काढला: प्रश्न विचारला की खडू खाली ठेवायचा, एक पाऊल मागे यायचं आणि मनात पाचपर्यंत मोजायचं. हातात खडू असला की मला राहवत नाही, मी उत्तर लिहूनच टाकते.

आणि "समजलं का?" हा प्रश्न नव्हेच. त्याला "हो" म्हणणं सगळ्यांच्या सोयीचं असतं, आपल्याही. त्याऐवजी ज्याचं उत्तर चुकू शकेल असं काही विचारा. माझा आवडता प्रश्न: वर्गातल्या प्रत्येकाच्या मार्कांत ५ मिळवले, तर प्रमाण विचलन, म्हणजे मार्क सरासरीभोवती किती विखुरलेत याचं माप, कितीने वाढेल? निम्म्याहून जास्त वर्ग "५ ने" म्हणतो. मार्क सगळे एकदमच सरकले, एकमेकांपासूनचं अंतर तेच राहिलं, म्हणजे विचलन बदलणारच नाही. पण हे त्यांना माहीत नाही, हे मला त्या प्रश्नाआधीची दहा वर्षं माहीतच नव्हतं. सूत्र सगळ्यांना पाठ होतं.

तीन मिनिटांच्या चिठ्ठ्या

हार्वर्डमधले नावाजलेले संख्याशास्त्रज्ञ फ्रेडरिक मोस्टेलर तासाच्या शेवटी विद्यार्थ्यांना विचारत, आज सगळ्यात गढूळ काय राहिलं? त्यांनी ही पद्धत १९८९ मध्ये लिहून मांडली. आमच्या विषयातला माणूस म्हणून मी ती करून पाहिली, नाहीतर कदाचित फिरकलेही नसते.

शेवटची तीन मिनिटं राखून ठेवा. अर्धा कागद, नाव नाही, एकच प्रश्न: आज कुठे अडलं? दाराशी टेबलावर ठेवून जायचं. त्या चिठ्ठ्या वाचायच्या म्हणजे तपासायच्या नव्हेत. पत्त्यांसारखे गठ्ठे पाडत जायचं. ६८ चिठ्ठ्यांना मला दहा-बारा मिनिटं लागतात. पहिल्याच वेळी २३ जणांनी एकच लिहिलं होतं: प्रमाण विचलन आणि प्रमाण त्रुटी (नमुना बदलला की सरासरी किती हलेल याचं माप) यांत फरक काय? मला आधी वाटलं, मुलं लक्ष देत नाहीत. मग रेकॉर्डिंग पुन्हा ऐकलं. फळ्यावर मी दोन वेगवेगळ्या गोष्टी लिहीत होते आणि तोंडाने मात्र दोन्हींना घाईघाईत नुसतं "विचलन" म्हणत होते. मुलांनी ऐकलं ते बरोबरच होतं.

पुढच्या तासाची पहिली पाच मिनिटं या चिठ्ठ्यांना द्या, मग पोर्शन कितीही राहिलेला असो. "तुमच्यातल्या २३ जणांना हे अडलं" असं म्हटलं की चेहरे सैलावतात, कारण प्रत्येकाला आपण एकटेच ढ आहोत असं वाटत असतं. आणि उत्तर दिलंच नाही, तर तिसऱ्या वेळी कोरे कागद मिळतात. हेही स्वानुभवावरून सांगतेय. दर तासाला चिठ्ठ्या घेऊ नका, आठवड्यातून एकदा पुरे.

मागच्या बाकावरचा माणूस

इथे जरा सविस्तर सांगते, कारण लोक इथेच कच खातात.

बोलवायचं कुणाला? विभागप्रमुखांना नाही. ज्याच्या हातात तुमची बढती किंवा पुढच्या वर्षीची नेमणूक आहे, तो मागे बसला की तुम्ही शिकवत नाही, परीक्षा देता. आपल्याच विषयातला माणूसही पहिल्या वेळी नको. तो मुलांकडे बघायचं सोडून तुमच्या व्याख्येवर वाद घालत बसेल. दुसऱ्या विषयाचा, साधारण आपल्याच पदावरचा, ज्याच्याशी आपलं जमतं पण जो तोंडदेखलं बोलत नाही, असा माणूस शोधा. रसायनशास्त्राच्या सरांना संख्याशास्त्रातलं फारसं कळत नव्हतं, हाच त्यांचा मोठा उपयोग. ते जिथे हरवले, तिथे वर्गही हरवला होता.

आदल्या दिवशी पंधरा मिनिटं बसा. तास कशावर आहे, वर्ग कसा आहे, हे सांगा. मुख्य म्हणजे त्यांनी काय बघायचं ते तुम्ही ठरवा, आणि एकच ठरवा. "सगळंच बघा आणि सांगा" म्हटलं की माणूस "आवाज छान आहे, फळ्यावरचं अक्षर जरा मोठं काढा" असं सांगून मोकळा होतो. मी म्हटलं होतं, "सर, माझे प्रश्न बघा. वर्ग बोलत का नाही, ते मला कळत नाहीये."

आणखी एक. नेहमीच्या तासाला बोलवा, ठेवणीतल्या नाही. मी पहिल्यांदा माझा सगळ्यात घोटलेला तास निवडला होता. सर आले, तास रंगला, "उत्तम" म्हणून गेले, आणि माझ्या पदरात काहीच पडलं नाही. वर सांगितलेला तास हा त्यानंतरचा, दुसऱ्या खेपेचा.

वर्गाला सुरुवातीलाच सांगून टाका: हे सर माझं शिकवणं बघायला आलेत, तुम्हाला नाही. नाहीतर मुलं ५० मिनिटं पुतळ्यासारखी बसतात.

बघणाऱ्याने लिहायचं काय? जे दिसलं, ऐकू आलं ते. मत नाही. "वर्ग कंटाळला होता" हे मत झालं. "२० व्या मिनिटाला मागच्या तीन बाकांवर सहा जण मोबाईलमध्ये" हे दिसलेलं. सरांच्या कागदावर अशा ओळी होत्या: "१४ वं मिनिट, प्रश्न. दोन सेकंद. मॅडमचं उत्तर." "१९ वं मिनिट, प्रश्न. पहिल्या बाकावरची मुलगी. बरोबर. पुढे." अशा ओळींशी भांडता येत नाही. याहून पद्धतशीर हवं असेल तर कोपस नावाची निरीक्षणाची रीत आहे, २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेली. तिच्यात दर दोन मिनिटांना शिक्षक काय करतोय आणि विद्यार्थी काय करताहेत, यांवर फक्त खुणा करायच्या असतात: सांगणं, लिहिणं, विचारणं, ऐकणं, चर्चा. चांगलं-वाईट ठरवायला त्यात जागाच नाही. आम्ही तिचं घरगुती रूप करून घेतलं, सात रकाने आणि २५ ओळी.

नंतरचं बोलणं त्याच दिवशी किंवा फार तर दुसऱ्या दिवशी व्हावं. स्टाफरूममध्ये चारचौघांत नको, रिकाम्या वर्गात बसा. आधी ज्याचा तास होता त्याने बोलायचं: ठरवलं काय होतं, झालं काय. मग दुसऱ्याने कागद वाचायचा. सल्ला विचारल्याशिवाय द्यायचा नाही. हा नियम पाळायला सगळ्यात कठीण, कारण आम्ही पेशानेच सल्ले देणारी माणसं. आणि तो कागद ज्याचा तास त्याच्याकडेच राहायचा. त्याची प्रत कुठल्याही मूल्यमापनाच्या फाईलमध्ये गेली की हा सगळा प्रकार तिथेच संपला. पुढच्या वेळी सगळे ठेवणीतलेच तास दाखवतील.

मग परतफेड करायची. त्यांच्या तासाला तुम्ही जायचं. खरं सांगू, सरांच्या कागदापेक्षा त्यांच्या तासाला बसून मी जास्त शिकले. ते दर्शकाचा, म्हणजे आम्ल की अल्कली हे रंग बदलून दाखवणाऱ्या द्रावणाचा, थेंब टाकण्याआधी ड्रॉपर हवेतच धरून म्हणत, "रंग कुठला येईल ते वहीत लिहा. लिहिल्याशिवाय थेंब पडणार नाही." आणि खरोखर थांबत. अंदाज लिहिलेला असला की माणूस निकालाकडे वेगळ्या नजरेने बघतो. मी हे उचललं. आता आलेख दाखवण्याआधी प्रत्येकाने वहीत आपापला आलेख काढायचा, कसाही वेडावाकडा. मग माझा दाखवते.

एक गोष्ट बदला, दहा नाही

त्या कागदातून बदलण्यासारखं खूप सापडेल. एक निवडा आणि सत्रभर तेवढंच करा. मी निवडलं ते शेजाऱ्याशी बोलणं. एरिक माझूर हे हार्वर्डमधले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक. १९९० च्या सुमारास त्यांनी आपल्या विद्यार्थ्यांना बळ आणि गती यांवरचे अगदी साधे, शब्दांतले प्रश्न असलेली एक चाचणी दिली. तेव्हा एका विद्यार्थिनीने विचारलं की उत्तरं तुम्ही शिकवलंय तशी लिहू, की मला खरं वाटतं तशी? अवघड गणितं सोडवणारी मुलं या साध्या प्रश्नांत गडबडली. त्यातून माझूरनी पद्धत बसवली: एक नेमका बहुपर्यायी प्रश्न द्यायचा, प्रत्येकाने एकट्याने उत्तर ठरवायचं, मत द्यायचं, मग शेजाऱ्याला पटवायचं आणि पुन्हा मत द्यायचं.

मत द्यायला यंत्रं लागत नाहीत. पर्यायाच्या क्रमांकाइतकी बोटं छातीशी धरायला सांगा, म्हणजे शेजाऱ्याचं बघून ठरवता येत नाही. साधारण ३० टक्क्यांहून कमी बरोबर असतील तर चर्चा नको, तुम्हीच पुन्हा समजावा, नाहीतर आंधळ्याच्या काठीला आंधळा अशी गत होते. ७० टक्क्यांच्या वर गेले तर थोडक्यात सांगून पुढे चला. या दोन्हींच्या मधे असतील तर दोन-तीन मिनिटं चर्चेचा गोंधळ होऊ द्या. शेजारच्या वर्गातून कुणीतरी डोकावेल, डोकावू दे.

कुरकुर होणार हे धरून चाला. "मॅडम शिकवत नाहीत, आम्हालाच करायला लावतात" असं माझ्याबद्दल लिहून आलंय. हार्वर्डमध्येच २०१९ मध्ये भौतिकशास्त्राच्या वर्गांवर झालेल्या अभ्यासात असंच दिसलं: स्वतः सोडवत शिकणाऱ्यांना आपण कमी शिकलो असं वाटत होतं, चाचणीत मात्र ते सुरेख व्याख्यान ऐकणाऱ्यांपेक्षा पुढे होते. म्हणून हे का करतोय ते पहिल्या आठवड्यातच वर्गाला सांगा. मी २०१४ चा एक आकडा फळ्यावर लिहिते. विज्ञान, अभियांत्रिकी आणि गणित यांवरचे २२५ अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा नापास होणाऱ्यांचं सरासरी प्रमाण नुसत्या व्याख्यानाच्या वर्गांत सुमारे ३४ टक्के होतं, विद्यार्थ्यांना गुंतवणाऱ्या वर्गांत सुमारे २२. मग लगेच सांगते की ही सरासरी आहे, आपल्या वर्गाची हमी नाही. सवयच तशी.

विद्यार्थ्यांचे अभिप्राय

सत्राच्या शेवटी येणाऱ्या अभिप्रायाच्या आकड्यांवरून झोप उडवून घेऊ नका. २०१७ मध्ये आलेल्या एका मोठ्या फेरविश्लेषणात दिसलं की शिक्षकाला मिळालेले गुण आणि विद्यार्थी प्रत्यक्षात किती शिकले यांचा जवळपास संबंधच नाही. आधी जो संबंध दिसत होता तो बराचसा लहान नमुन्यांचा परिणाम होता. २०१५ च्या एका प्रयोगात ऑनलाइन वर्गातला शिक्षक तोच, पण विद्यार्थ्यांना तो पुरुष आहे असं सांगितलं की गुण जास्त आणि स्त्री आहे असं सांगितलं की कमी. नमुना लहान होता, तरी वाचून मला नवल वाटलं नाही.

शिवाय सत्र संपल्यावर कळून उपयोग काय? सत्राच्या मध्यावर विचारा, आणि तेही दुसऱ्याकरवी. वॉशिंग्टन विद्यापीठात जोसेफ क्लार्क यांनी बसवलेली पद्धत अशी: शिक्षकाने २० मिनिटं वर्गाबाहेर जायचं, सहकाऱ्याने आत यायचं. मुलांचे पाच-सहा जणांचे गट. शिकायला कशाची मदत होते, काय आड येतं, काय बदलता येईल, यावर आधी गटाचं आणि मग वर्गाचं एकमत होईल तेवढंच टिपायचं. एखाद्याचा डंख एकमतात आपोआप गळून पडतो. माझ्या वर्गाने एकमताने सांगितलं होतं की मी स्लाइड फार लवकर पालटते. मला वाटत होतं, मी रेंगाळतेय.

कार्यशाळांबद्दल

जायला हरकत नाही. फक्त कार्यक्रमपत्रिका बघून एक प्रश्न विचारा: यात मी स्वतः पाच मिनिटं तरी शिकवणार आहे का? स्टॅनफर्डमध्ये १९६३ च्या सुमारास सूक्ष्म-अध्यापन सुरू झालं ते याच कल्पनेवर. पाच मिनिटांचा पाठ, चार जणांपुढे, लगेच प्रतिसाद, आणि तोच पाठ पुन्हा. मी एका तीन दिवसांच्या कार्यशाळेत सहभागी शिक्षणावरची ११ व्याख्यानं ऐकून आलेय. एकाही वक्त्याने आम्हाला सहभागी केलं नाही. शक्य असेल तर एकाच विभागातून दोघं जा. एकटा परत आलेला माणूस आठवड्याभरात पहिल्यासारखा होतो.

नोंदी

बढतीसाठी पुरावा लागतोच. त्यासाठी जाड फाईल नको. एक साधी वही ठेवा, तास संपल्यावर दोन ओळी: काय बसलं, काय फसलं. सत्राअखेर त्यातून दोन पानं लिहा: अडचण काय होती, ती कशावरून कळली, काय बदललं, पुढे काय दिसलं. इथे एक चूक मात्र करू नका, ती करणारे मला दर वर्षी भेटतात: "गेल्या वर्षी निकाल ६२ टक्के, यंदा ७१, म्हणून पद्धत यशस्वी." मुलं वेगळी, पेपर वेगळा, तपासणारे वेगळे. त्यापेक्षा एकच छोटी चाचणी त्याच वर्गाला घटकाच्या आधी आणि नंतर द्या. तेही पुरतं पक्कं नाही, पण बोलण्यासारखं असतं. हे कुठे छापायचा विचार असेल, तर विद्यार्थ्यांची परवानगी आणि नीतिमत्ता समितीची मान्यता काम सुरू करण्याआधी घ्या, लेख लिहायला बसल्यावर नाही.

आणि वेळापत्रक हातात पडलं की सगळ्यात आधी त्या सहकाऱ्याबरोबर तारखा ठरवा. मागाहून ठरवू म्हटलं की परीक्षा येतात. आमचं ठरलंय: तिसऱ्या आठवड्यात मंगळवारी मी सरांच्या प्रात्यक्षिकाला, गुरुवारी सर माझ्याकडे. प्रश्नांचं आता बऱ्यापैकी जमतंय. या वेळी त्यांना वेगळंच मोजायला सांगितलंय: उजवीकडच्या शेवटच्या दोन बाकांकडे मी ५० मिनिटांत किती वेळा बघते.